आरएम, स्टार आणि एक स्पेस

(गावातल्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. पावसामुळे ज्यांना येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून लिहून काढलंय. बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.)



मला सांगितलं होतं की लिनक्सवर बोल. लिनक्स चांगलं कसं, फुकट कसं, जुन्या लॅपटॉपवर कसं पळतं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी आज माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. डिलीट झालेल्या फाइली परत कशा मिळवायच्या हे त्या चुकीतूनच शिकलो, म्हणून ते त्याच क्रमाने सांगतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. गावात 1967 पासून गणपतीत एक हस्तलिखित निघायचं. एकच प्रत. मोठ्या कागदावर शाईने लिहिलेली, चित्रं काढलेली, सुतळीने शिवलेली. गणपतीच्या दहा दिवसांत ती देवळात टेबलावर असायची आणि लोक रांग लावून वाचायचे. मध्ये काही वर्षं खंड पडला, पण 1988 पर्यंत 14 अंक निघाले. सगळे अंक आमच्या गुरुजींच्या घरी ट्रंकेत होते. संपादक तेच आणि बहुतेक पानांवरचं सुवाच्य अक्षरही त्यांचंच.

मे 2019 मध्ये सुट्टीला आलो होतो तेव्हा मी त्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. 638 पानं. अंगणात पाट ठेवायचा, पान ठेवायचं, फोटो, पुढचं पान. गुरुजी शेजारी बसून पान उलटायचे. चार दिवस लागले.

ऑगस्ट 2019 चा पूर तुम्हाला सांगायला नको. गुरुजींच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. ट्रंक खाली होती. शाईचे कागद भिजले की काय होतं, ते मी बघितलंय. पाणी निळं होतं आणि कागद पांढरा.

म्हणजे ऑगस्टनंतर त्या 14 अंकांची जगात एकच प्रत उरली, माझ्या लॅपटॉपात. मोबाइलमधले फोटो मी आधीच काढून टाकले होते, मेमरी भरली म्हणून. आणि मी काय केलं? दोन वर्षं दुसरी प्रत काढली नाही. बाहेरची डिस्क घ्यायची होती, पगार झाला की घेऊ, असं चाललं होतं.

जुलै 2021. रात्रीचे साडेअकरा. मी त्या फोल्डरमध्ये साफसफाई करत होतो. फोटो सरळ करायचा एक प्रोग्राम चालवला होता, त्याने शंभर-दीडशे टीएमपी फाइली मागे सोडल्या होत्या. त्या काढायच्या होत्या. टर्मिनलवर लिहायचं होतं आरएम, मग स्पेस, मग स्टार-डॉट-टीएमपी, सगळं जोडून. माझ्या हातून स्टारनंतर एक स्पेस पडली.

त्या एका स्पेसने अर्थ बदलला. जोडून लिहिलं तर अर्थ होतो, 'ज्यांचं नाव डॉट-टीएमपीने संपतं त्या फाइली काढ.' स्पेस पडली की होतो, 'इथलं सगळं काढ, आणि शिवाय डॉट-टीएमपी नावाची एक फाइल काढ.' एन्टर मारला. स्क्रीनवर एकच ओळ आली, की डॉट-टीएमपी नावाची फाइल सापडली नाही. मी म्हटलं, असं कसं? मग एलएस मारला. काहीच नाही.

आई उठून आली. म्हणाली, "काय करूलास रे एवढ्या रात्री?" मी म्हटलं, "काही नाही, झोप तू."

आता इथे थांबून, फाइल डिलीट होते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो. हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

या वाचनालयाचंच उदाहरण घ्या. तिकडे कपाटात पुस्तकं आहेत आणि इकडे यादीची वही आहे. वहीत पुस्तकाचं नाव आणि त्याचा नंबर. त्या नंबराचं एक कार्ड आहे, त्यावर लिहिलंय की पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे. लिनक्समध्ये वही म्हणजे फोल्डर, कार्ड म्हणजे इनोड आणि खण म्हणजे डिस्कवरचे ब्लॉक.

आरएम पुस्तक जाळत नाही. तो वहीतली नावाची ओळ खोडतो. मग त्या कार्डाकडे बोट दाखवणारं दुसरं कुठलं नाव उरलंय का ते बघितलं जातं. नसेल, आणि ते पुस्तक त्या क्षणी कुणी वाचतही बसलेलं नसेल, तर कार्ड रद्द होतं आणि ते खण 'रिकामे' म्हणून जाहीर होतात. पुस्तक अजून खणातच असतं. पण पुढचं नवीन पुस्तक आलं की ते तिथेच ठेवलं जाऊ शकतं. ठेवलं, की जुनं गेलं. कायमचं.

यातून पहिला नियम निघतो. चूक लक्षात आली की त्या डिस्कवर काहीही लिहायचं थांबवा.

मी काय केलं? ब्राउझर उघडला आणि तासभर शोधत बसलो. प्रत्येक पान उघडताना ब्राउझर त्याच डिस्कवर कॅशे लिहीत होता. वर एक सॉफ्टवेअर उतरवून इन्स्टॉल करायला घेतलं, तेही त्याच डिस्कवर. म्हणजे ज्या खणांतली पुस्तकं वाचवायची होती त्यातच मी नवीन पुस्तकं कोंबत होतो. शेवटी माझ्या मावसभावाला फोन लावला, तो सर्व्हर सांभाळायचं काम करतो. पूर्ण ऐकून न घेताच तो म्हणाला, "आधी लॅपटॉप बंद कर. मग बोल." शोधायचं असेल तर मोबाइलवर शोधा, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

पण बंद करण्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात. त्या दोन मिनिटांत होतात.

पहिली, कचरापेटी. फाइल मॅनेजरमधून माउसने डिलीट केलं असेल तर फाइल बहुतेक तिथेच असते. तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात ट्रॅश. शेजारी इन्फो नावाच्या फोल्डरमध्ये ती फाइल मुळात कुठे होती आणि कधी काढली हेही लिहिलेलं असतं. पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल त्या पेन ड्राइव्हवरच डॉट-ट्रॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. टर्मिनलवरचा आरएम मात्र कचरापेटीला विचारत नाही.

दुसरी, फाइल कुठल्या प्रोग्राममध्ये उघडी आहे का. वर म्हटलं ना, कुणी वाचत बसलं असेल तर खण रिकामे होत नाहीत. समजा व्हिडिओ चालू आहे आणि ती फाइल तुम्ही आरएमने काढली, तर प्लेअर बंद करू नका! एलएसओएफ ही कमांड +एल1 लावून चालवा. नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी येते, प्रोसेसचा नंबर आणि फाइलचा नंबर यांसकट. मग प्रोक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराच्या आत एफडी नावाचा फोल्डर असतो, त्यात त्या फाइलच्या नंबराने पूर्ण फाइल दिसते. सीपीने ती पेन ड्राइव्हवर कॉपी करा. काम झालं. अशा वेळी घाबरून लॅपटॉप बंद केला तर हातची फाइल जाते. म्हणून आधी हे, मग बंद.

माझे फोटो कुठे उघडे नव्हते. म्हणून बंद.

दुसऱ्या दिवशी मावसभावाने फोनवरून पुढचं करून घेतलं. मित्राच्या मशीनवर लिनक्सची लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवली आणि माझा लॅपटॉप तिच्यावरून सुरू केला. म्हणजे लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालतं आणि आतल्या डिस्कला हात लागत नाही. एक टीबीची बाहेरची डिस्क उसनी आणली. आणि माझ्या 500 जीबी डिस्कची, रिकाम्या खणांसकट, जशीच्या तशी एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढली. पुढची सगळी खटपट त्या नकलेवर. चुकलं तरी मूळ शाबूत.

ही नक्कल डीडीने निघते. मी जीएनयूचं डीडीरेस्क्यू वापरलं. ते आपण कुठपर्यंत आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. जुना यूएसबी पोर्ट, पाच-साडेपाच तासांचं काम, जुलैचा पाऊस आणि माझी मेलेली बॅटरी. दोनदा लाइट गेली. पण मॅप फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली होती, त्यामुळे परत सुरू केल्यावर काम थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं. एक लक्षात ठेवा, उसनी डिस्क एफएटी32 ची असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आधी बघून घ्या.

आता नक्कल हातात आली. पुढे दोन वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे जुनं कार्ड शोधायचं. आपल्याकडे बहुतेक लिनक्समध्ये ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम असते. पूर्वीच्या ईएक्सटी2 मध्ये कार्ड रद्द झालं तरी त्यावरचा खणाचा पत्ता राहायचा, त्यामुळे फाइल परत आणणं तुलनेने सोपं होतं. ईएक्सटी4 फाइल काढताना तो पत्ताही पुसून टाकते. पण ती जर्नल नावाची एक रोजनिशी ठेवते, आणि त्यात कधी कधी कार्डाची जुनी नक्कल सापडते. एक्स्टअनडिलीट आणि ईएक्सटी4मॅजिक ही साधनं तिथेच शोधतात. सापडलं तर नावासकट, फोल्डरसकट फाइल परत येते. पण जर्नल छोटी असते आणि फिरून फिरून तिच्यावरच लिहिलं जातं. माझे फोटो दोन वर्षांपूर्वीचे, आणि वर माझा तासभराचा ब्राउझर. या वाटेने मला एकही फोटो मिळाला नाही.

दुसरी वाट म्हणजे वही, कार्ड सगळं विसरायचं आणि एकेक खण उघडून बघायचं की आत काय आहे. हे काम फोटोरेक करतो. टेस्टडिस्क या साधनाबरोबरच तो मिळतो, फुकट आहे. त्याची युक्ती अशी. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपीजी फोटो असेल तर पहिले बाइट एफएफ, डी8, एफएफ. पीडीएफ असेल तर सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं. पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी मुखपृष्ठावरून ते कुठल्या प्रकारचं हे कळतं, तसंच. सुरुवात सापडली की तिथून पुढे फाइल उचलायची.

याचे तोटेही समजून घ्या. नावं जातात. फाइली रिकप-डिर नावाच्या फोल्डरांत एफ आणि आकडे अशा नावांनी पडतात. आणि एखादी फाइल सलग खणांत नसून तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असेल तर ती अर्धवटच येते.

मी 'फक्त रिकामी जागा शोध' हा पर्याय निवडला. तरी 9 हजारांवर चित्रं आली. ब्राउझरमधली चिन्हं, जाहिराती, लग्नाचे जुने फोटो, सगळं एका ढिगात. त्यातून 638 पानं कशी काढायची?

इथे मोबाइल कामाला आला. मोबाइल फोटो काढतो तेव्हा तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल फोटोच्या आतच लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ म्हणतात. फाइलचं नाव गेलं तरी ते जात नाही. एक्झिफटूल या प्रोग्रामला मी सांगितलं की माझ्या मोबाइलचे, मे 2019 मधल्या त्या चार दिवसांचे फोटो वेगळे काढ आणि वेळेनुसार नावं दे. आम्ही पानं क्रमानेच उलटली होती. त्यामुळे अंक आपोआप क्रमाने लागले. पहिल्या अंकाचं पहिलं पान, त्यावरचा गणपती, समोर आला तेव्हा मी उठून घराबाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

609 पानं पूर्ण आली. 29 गेली. त्यातली काही अर्धी होती, वर चित्र आणि खाली करडा पट्टा. त्या 29 मधली किती माझ्या त्या तासभराच्या ब्राउझरने खाल्ली ते सांगता येणार नाही. पण काही नक्कीच.

आता तुमच्यासाठी एक वाईट बातमी. माझा लॅपटॉप जुना होता, आत फिरती हार्ड डिस्क होती, म्हणून एवढं मिळालं. तुमच्यापैकी बहुतेकांकडे एसएसडी आहे. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते. लिनक्स एसएसडीला कळवतं की हे खण आता रिकामे आहेत, आणि एसएसडी ते खरोखर पुसायला मोकळी होते. उबुंटूमध्ये हे काम आठवड्यातून एकदा आपोआप होतं. ते झाल्यानंतर फोटोरेकला बहुधा नुसती शून्यं मिळतात. म्हणून एसएसडीवर फाइल गेली तर 'रविवारी बघू' म्हणू नका. त्याच क्षणी बंद. आणि तरीही भरवसा धरू नका.

मग भरवसा कशावर धरायचा? दुसऱ्या प्रतीवर. आणि ही चूक काही माझ्यासारख्या नवख्याचीच नसते. 1998 मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी 2' चं काम चालू असताना कुणीतरी चुकून आरएम चालवला आणि बघता बघता चित्रपटाचा बहुतांश भाग गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे तेव्हा कळलं. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या तिथल्या तांत्रिक प्रमुख होत्या. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या मशीनवर एक प्रत होती. ती मशीन गाडीत घालून जपून ऑफिसात आणली.

दुसरी गोष्ट 31 जानेवारी 2017 ची. गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर काढून टाकला. सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याने थांबवलं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्या वेळी एकही नीट कामी आली नाही. सहा तास आधी कुणीतरी हाताने काढलेली एक प्रत होती, तिच्यावर सगळं परत उभं केलं. त्यांनी हे लपवलं नाही, स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केलं.

मी मात्र चार दिवस लपवलं. गुरुजींना तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी 609 पानं पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्हॉट्सअॅपवर तू मला त्या वेळी काही पानं पाठवली होतीस की. मी पुढे पाठवली बऱ्याच जणांना."

मी गावच्या ग्रुपवर विचारलं. पुण्याला गेलेल्या एका काकांकडे, बेळगावात दिलेल्या एका आत्यांकडे, अशी गेलेल्या 29 पैकी 11 पानं सापडली. व्हॉट्सअॅपने बारीक केलेली, पण वाचता येतात. ज्याचं त्याचं स्वतःचं पान, स्वतःच्या वडिलांची गोष्ट, लोकांनी जपून ठेवली होती.

राहिली 18. त्यांचं काय होतं हे तरी कळावं म्हणून मी होम फोल्डरमधल्या डॉट-कॅशेमध्ये थंबनेल्स बघितली. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडला की तो प्रत्येक फोटोची छोटी प्रतिमा तिथे ठेवतो, आणि फाइल आरएमने काढली तरी ती तिथेच राहते. तिथे त्या पानांच्या 256 पिक्सेलच्या प्रतिमा होत्या. शीर्षक वाचता येतं, चित्र ओळखता येतं. मजकुराच्या मात्र नुसत्या रेघा.

त्या मी मोठ्या करून गुरुजींना दाखवल्या. एका पानावर ते थांबले. ओळींच्या लांबी-तोकडीवरून त्यांनी ओळखलं. म्हणाले, "ही कविता आमच्या हिची आहे. 1974 चा अंक." काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते बराच वेळ बघत बसले. मग कागद मागितला आणि लिहायला घेतलं. आठ ओळी आठवल्या. पानावर बारा होत्या. चार ओळी आठवल्या नाहीत, त्या जागा त्यांनी मोकळ्या सोडल्या. तो कागद आता संग्रहात त्या पानाच्या जागी आहे.

त्या चार ओळी माझ्यामुळे गेल्या. पुराने नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुमच्याही लॅपटॉपात, मोबाइलमध्ये असं काहीतरी असणार. आपल्याकडच्या गावांत मराठीत लिहिलेलं बरंच काही एकाच प्रतीत आहे. भजनी मंडळाच्या वह्या, नाटकांच्या संहिता, पत्रं, दाखले. ते तुम्ही स्कॅन करता, आणि मग तेच मूळ होतं.

म्हणून शेवटी चार सवयी.

एक, आधी एलएस, मग आरएम. जे काढायचं आहे तेच आधी एलएसला द्या. यादी बरोबर आली तर बाणाने तीच ओळ परत आणा आणि फक्त एलएसच्या जागी आरएम करा. माझी स्पेस तिथेच सापडली असती.

दोन, आरएमऐवजी ट्रॅश-सीएलआय वापरा. ट्रॅश-पुट लिहिलं की फाइल कचरापेटीत जाते, परत आणता येते.

तीन, तीन प्रती. दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक घराबाहेर. पूर आला तर घरातल्या दोन्ही डिस्क एकाच पाण्यात असतात. आरसिंकने प्रत काढत असाल तर डिलीट हा पर्याय समजून वापरा, नाहीतर इथे चुकून काढलेलं तिथूनही निघून जातं. आणि टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही तर होम फोल्डर ते धरत नाही. ते सिस्टिमसाठी आहे.

चार, दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. उघडली तरच तो बॅकअप.

आमच्या 14 अंकांच्या आता पाच प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याच्या काकांकडे, एक बेळगावच्या आत्यांकडे, एक इथे वाचनालयाच्या कपाटात. पाचवी गुरुजींच्या ट्रंकेत. ट्रंक आता माळ्यावर आहे.

आज घरी गेल्यावर जेवायच्या आधी एक काम करा. ज्याची एकच प्रत आहे असं तुमच्याकडे काय आहे ते शोधा आणि पेन ड्राइव्ह लावा. पेन ड्राइव्ह नसेल तर माझ्याकडे या, मी देतो.